दोरीवरचा नॅपकिन

मंगळवारी संध्याकाळी कपडे काढायला गच्चीत गेले, तर मागच्या दोरीवर, चादरीच्या आड, एक पांढरा नॅपकिन वाळत होता. आमचा नव्हता. जाड, मऊ, कोपऱ्यात फिक्या हिरव्या दोऱ्याने भरलेलं द्राक्षाचं पान. रविवारी आम्ही ज्या रिसॉर्टमधून परत आलो, तिथला. मधोमध हातभर तपकिरी डाग होता, कडेला फिकट होत गेलेला. साबण लावून घासल्याच्या खुणा दिसत होत्या, पण डाग गेला नव्हता. नाकाशी धरला तर साबणाच्या वासाखाली कॉफीचा वास अजून होता. खाली येऊन आईला विचारलं, तर आधी म्हणाली, "राहू दे गं, मी उद्या परत धुते." मग मी नॅपकिन घेऊन तिच्या शेजारी बसूनच राहिले तेव्हा हळूहळू एकेक सांगायला लागली. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती, वाटाणे सोलत होती.

तिच्या पंच्याहत्तरीसाठी माझ्या लेकीने दोन रात्रींचं बुकिंग केलं होतं. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला लागून रिसॉर्ट, समोर पाणी, मागे द्राक्षबागा. जानेवारीची थंडी. आई आणि मी एका खोलीत, लेक-जावई शेजारच्या. खोलीत टीव्हीखालच्या फळीवर एक काळं, चकचकीत कॉफीचं यंत्र होतं आणि काचेच्या वाटीत चार सोनेरी कॅप्सूल. कॅप्सूल घालायची, खटका दाबायचा, एक कप कॉफी बाहेर. आल्या आल्या लेकीने आजीला ते करून दाखवलं होतं, आजीने मानही डोलावली होती. पण दाखवणं वेगळं आणि पहाटे साडेचारला अंधारात चष्मा न लावता एकटीने करणं वेगळं. तिने खटका दाबला. कॅप्सूल घालायचं राहिलं होतं, त्यामुळे नुसतं गरम पाणी आलं, आणि ते येताना यंत्राने अशी घरघर केली की ती घाबरली. मी जागी होईन म्हणून तिने भिंतीतलं बटण बंद केलं. मग ती सोनेरी डबी नखाने सोलली. बोटाला पत्रा लागला, तेही मला मंगळवारीच कळलं. आतली पूड कपात टाकली, न्हाणीघरातल्या नळाचं कढत पाणी त्यावर ओतलं. ती काही विरघळणारी कॉफी नव्हती, सगळा भुसा वर तरंगायला लागला. तेव्हा तिने तो नॅपकिन घेतला, दुसऱ्या कपावर धरला आणि फडक्यातून गाळतात तशी कॉफी गाळली. बिनदुधाची, बिनसाखरेची, गिझरच्या पाण्याची ती कॉफी तिने खिडकीशी बसून प्यायली. डाग पडलेला नॅपकिन घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवला, कारण "ते लोक भरून घेतील, आणि पोरीला उगाच भुर्दंड."

मी तिच्यापासून दोन हातांवर झोपलेली होते.

"मला उठवायचं ना," मी म्हणाले. "तुझी झोप कशाला मोडायची? एवढ्याशा कॉफीसाठी?" हे ती किती सहज म्हणाली. मला मात्र ते एवढंसं वाटेना. चार-पाच दिवस झाले, कुठलंही काम करताना मला तो अंधार दिसतो, आणि फडक्यातून थेंब थेंब गळणाऱ्या कॉफीकडे बघत उभी असलेली माझी आई.

ती साडेचारला उठते याला कारण आहे. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. आमच्याकडे नुसतं 'प्रेस' म्हटलं की नोटा किंवा टपाल तिकिटं छापणारी, दुसरी कुठली नाही. सकाळपाळी असली की ते सहाच्या आत सायकल काढायचे. त्याआधी डबा, त्याआधी अंघोळीचं पाणी, आणि त्या सगळ्याच्याही आधी आईची स्वतःची दहा मिनिटं. ओट्याशी उभी राहून ती एक कप काहीतरी गरम प्यायची. दिवसभरात तेवढाच कप तिचा असायचा, बाकीचे सगळे कोणाकोणासाठी केलेल्यातून उरलेले. बाबा निवृत्त झाले, मग गेले, पण ती साडेचारची जाग काही गेली नाही. आता आमच्या घरात मी अंथरुणात असते तेव्हा भिंतीपलीकडून मला पातेल्याचा आवाज येतो, मग लायटरची टिकटिक, मग जायफळ किसणीवर तीन-चारदा ओढल्याचा खसखस आवाज. त्या आवाजावर मी पुन्हा झोपते. इतकी वर्षं ऐकते आहे, पण तो आवाज कधीतरी थांबू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रिसॉर्टमधल्या त्या दोन सकाळी तो नव्हता, आणि मला गाढ झोप लागली होती.

कॉफी आमच्या घरात रोजची नव्हतीच मुळी. रोजचा चहा. कॉफी म्हणजे ताप उतरल्यावर, पाहुणे रात्री उशिरा आले तर, किंवा कोजागिरीला दूध नको म्हणणाऱ्यांसाठी. पितळी पातेल्यात पाणी, साखर, कॉफीची पूड, एक उकळी, मग झाकण ठेवून चूर खाली बसू द्यायचा, आणि मग पांढऱ्या मलमलीच्या फडक्यातून गाळायची. ते फडकं कायमचं तपकिरी झालेलं असायचं आणि दुसऱ्या कशाला वापरायचं नसायचं. नंतर दूध आणि वरून जायफळ. माझ्या आजीकडे तर कॉफीच्या वड्या असायच्या. साखरेच्या छोट्या वड्या, आत कॉफी. कपात गरम दूध घ्यायचं, एक वडी टाकायची, चमच्याने हलवायचं. एका माणसाला एक वडी. आम्ही पोरं ती दुधात न टाकता तशीच तोंडात टाकायचो आणि आधी गोड, मग मध्येच कडू लागायची. त्या रिसॉर्टच्या सोनेरी डब्या पाहिल्या तेव्हा मला पहिल्यांदा त्या वड्याच आठवल्या होत्या. एका कपाची कॉफी ही कल्पना आमच्यासाठी काही नवी नाही. फक्त वडी विरघळायची, मागे काही उरायचं नाही.

मंगळवारी रात्री झोप येईना म्हणून त्या यंत्राबद्दल वाचत बसले. इटलीतल्या कॉफीबारमध्ये मिळते तशी एस्प्रेसो कोणालाही घरी करता यावी, म्हणून नेस्लेतल्या एरिक फाव्र नावाच्या स्विस अभियंत्याने ही पद्धत शोधली. १९७६ साली पेटंट, १९८६ साली विक्री. यंत्र कॅप्सूलला भोकं पाडतं आणि हवेच्या दाबाच्या पंधरा-एकोणीस पट दाबाने गरम पाणी आत ढकलतं. ती घरघर त्या पंपाची. ॲल्युमिनिअम कशासाठी, तर हवा आणि उजेड आत जाऊ नये, दळलेली कॉफी महिनोन्‌महिने ताजी राहावी म्हणून. अमेरिकेत प्लॅस्टिकच्या डबीचं असंच यंत्र आधी ऑफिसांसाठी निघालं, १९९८ साली. ते काढणाऱ्यांपैकी जॉन सिल्व्हन २०१५ साली म्हणाला होता की आपण हे केलं याचं त्याला कधीकधी वाईट वाटतं, आणि ते यंत्र त्याच्या स्वतःच्या घरी नाही. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने सरकारी इमारतींसाठी अशा कॅप्सूल खरेदी करायच्या नाहीत असं ठरवलं, कचऱ्यामुळे.

लेकीला फोनवर हे सांगितलं. ती माझ्यासारखी लगेच पेटत नाही. म्हणाली, "आई, पण त्यात कॉफी वाया जात नाही. मोजून पाच-सहा ग्रॅम, मोजून पाणी. हॉटेलात पातेलंभर करतात आणि निम्मी सिंकमध्ये ओततात, ते नाही का वाया?" तेही खरंच. आणि ती दुसरं एक म्हणाली, जे मला खोडता आलं नाही. तिच्या बाळंतपणानंतर ते दोघं पहिल्यांदा बाहेर गेले होते, तेव्हा रात्री तीनला बाळाला पाजून झाल्यावर खोलीतल्या अशाच यंत्रातून तिने एक कप करून घेतला होता. कोणाला फोन नाही, कपडे बदलून खाली जाणं नाही, नवऱ्याला हलवणं नाही. "त्या कपाने मला इतकं माणसात आणलं होतं," ती म्हणाली. म्हणजे तिचं पहाटे तीनचं आणि आईचं साडेचारचं मागणं एकच. एकीचं भागलं, दुसरीचं नाही.

खोलीत काही ठेवूच नये, रूम सर्व्हिसला फोन करावा, असं माझा भाऊ म्हणतो. मला ते मुळीच पटत नाही. पहाटे साडेचारला फोन वाजला की कोण उठतं हे मी पाहिलं आहे. आपल्याकडच्या लहान हॉटेलांत रात्रपाळीचा मुलगा जेवणघरातच दोन खुर्च्या जोडून झोपलेला असतो. अंगावर टेबलक्लॉथ, उशाशी मोबाइल. तो उठणार, गॅस पेटवणार, थंडीत ट्रे घेऊन तीन इमारती ओलांडून येणार. जिने मला उठवलं नाही, ती आई त्याला उठवेल? तिच्या पिढीच्या बायका अशा फोनला हातच लावत नाहीत. म्हणून खोलीत, पाहुण्याच्या हाताशी, कोणाचं मिंधं न होता एक गरम कप करून घ्यायची सोय हवीच. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सुट्टीला गेलेल्या माणसाची सकाळ जेवणघराच्या वेळापत्रकाने सुरू व्हायला नको. आमच्या रिसॉर्टमध्ये न्याहारी आठला होती. साडेचार ते आठ म्हणजे साडेतीन तास. म्हाताऱ्या माणसासाठी तो अर्धा दिवस असतो.

पण ती सोय म्हणजे ते यंत्र नव्हे.

वापरलेली एक कॅप्सूल लेकीने रिसॉर्टमधून येताना माझ्या पर्समध्ये टाकली होती, नातवाला चकाकतं काहीतरी हवं होतं म्हणून. बुधवारी सकाळी ती ओट्यावर घेऊन बसले. कात्रीने कड कापली. आत ओला, काळा, घट्ट बसलेला चोथा, पावसानंतरच्या वावरातल्या मातीसारखा. चमच्याच्या टोकाने कोरून काढला, तळाशी चिकटलेला धुऊन काढला. चोथा मोगऱ्याच्या कुंडीत गेला. हातात उरली ती सुरकुतलेली पातळ वाटी, वजन म्हणावं तर काहीच नाही. एवढं करायला मला चार मिनिटं लागली. घंटागाडी आली तेव्हा दादांना विचारलं की ही ओल्यात की सुक्यात. त्यांनी ती हातात घेऊन उलटी-सुलटी केली. "आता रिकामी आहे तर सुक्यात. पण ताई, अशा भरलेल्या येतात त्या कोण फोडत बसतो?" त्यांचं बरोबर होतं. ॲल्युमिनिअम वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येतं हे खरं, पण आधी कोणीतरी आतला चोथा काढला तर. आमच्या रिसॉर्टला चाळीसेक खोल्या असतील. खोलीमागे रोज दोन कॅप्सूल धरल्या तरी ऐंशी. माझ्या हिशेबाने ऐंशी गुणिले चार मिनिटं, सव्वापाच तासांच्या वर. एका बाईचा अख्खा दिवस. तो दिवस कोणी देत नसणार. आणि हे सगळं कुठे, तर ज्या धरणाचं पाणी आम्ही बहुतेक नाशिककर पितो त्याच्या काठावर.

त्याऐवजी काय, याचा मी खूप विचार केला आणि मला जे सुचतं ते फार साधं आहे. एक किटली, जिचा खटका मोठा आहे आणि पाणी उकळलं की आपोआप बंद होते. शेजारी प्यायच्या पाण्याचा तांब्या किंवा बाटली, म्हणजे कोणाला नळाकडे जावं लागणार नाही. स्टीलचं बारीक गाळणं. डबीत कॉफी, डबीत चहा, डबीत साखर. आपल्या शेजारच्या चिकमगळूरची कॉफी ठेवा, नाहीतर आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफीचे मळे आहेत. फ्रीज आहेच खोलीत, त्यात पेलाभर खरं दूध. आणि एक जायफळ, एक एवढीशी किसणी. जायफळ-किसणीपाशी लेक हसली, पण मी ते मनापासून म्हणते आहे. नाशिकच्या रिसॉर्टमध्ये मराठी घरातली कॉफी का नसावी? द्राक्षाचं पान नॅपकिनवर भरता, पैठणीचे पडदे लावता, न्याहारीला मिसळ ठेवता, मग सकाळचा पहिला कप तेवढा परक्या देशातून डबीबंद होऊन का यावा? किटली कोणाला शिकवावी लागत नाही. आईने ती अंधारातही भरली असती.

शुक्रवारी नॅपकिन इस्त्री करून परत द्यायला गेले. गंगापूर रोडने तसं फार लांब नाही. वाटेत बागांमधून क्रेट भरायचं काम चालू होतं. काउंटरवरच्या तरुण मॅनेजरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो म्हणाला, मुंबई-पुण्याचे पाहुणे खोलीत यंत्र आहे का ते आधी विचारतात, नसलं तर कमी स्टार देतात. नॅपकिनचे पैसे घ्या म्हटलं, तर नको म्हणाला. किटलीचं लिहून घेतलं. गाळणं लिहिलं, जायफळ लिहिताना थोडा थांबला आणि तेही लिहिलं. पुढे काय करेल ते त्याच्या हातात आहे का, कोण जाणे.

परत निघाले तेव्हा पार्किंगजवळ आमची खोली आवरायच्या त्या मावशी भेटल्या, धरणाकडच्याच गावातल्या. त्यांना नॅपकिनची गोष्ट सांगितली. त्यांनी तोंडावर पदर धरला. "अगं बाई, त्या आजींनी? असे डाग आम्हाला बऱ्याच खोल्यांत मिळतात. आम्हाला वाटायचं लोक बूट पुसतात." मग हात धरून मला इमारतीच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. जेवणघराच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली, तीन विटांची चूल होती. काळं पडलेलं जर्मनचं मोठं पातेलं, शेजारी स्टीलचे पेले पालथे घातलेले. कामाच्या बायका पहाटे साडेचार-पाचला पायी येतात, थंडीत हात गारठलेले असतात, म्हणून आल्या आल्या आधी चहा ठेवतात. आलं घालून, सगळ्यांना पुरेल असा. "पाहुण्यांना इकडं यायचं नसतं, पण आजींना कोण नाही म्हणालं असतं? बोलवायचं ना."

तिथे उभं राहून मी आमची खोली शोधली. दिसत होती. ज्या खिडकीशी आई बसली होती ती खिडकी, तिथून फार तर शंभर पावलं. फक्त ती पाण्याच्या बाजूला होती आणि चूल या बाजूला.

घरी आले तेव्हा आई देवघरात वाती वळत बसली होती. नॅपकिन दिला, पैसे घेतले नाहीत, हे आधी सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला. मग चुलीचं सांगितलं, मावशींचं, आल्याच्या चहाचं, साडेचारच्या वेळेचं.

तिचा हात थांबला.

"तिथे मागे चूल पेटलेली होती?"

"हो."

"आणि बाया होत्या?"

"पाच-सहा जणी असतात म्हणे."

तिने हातातली वात पूर्ण वळली, ताटलीत ठेवली, पुढचा कापूस घेतला. "मला धुराचा वास आला होता," ती म्हणाली. "पण मला वाटलं, आपल्या घराची आठवण येते आहे."

मग थोड्या वेळाने, "चहा होता म्हणालीस ना? चाललं असतं."